गोट्याखालची भावकी : मेफ्लायच्या निम्फांची ओळख (प्रस्तावना)

मेफ्लायचे बहुतेक आयुष्य पाण्याखाली जाते. अंड्यातून निघालेले पिल्लू काही आठवडे किंवा महिने ओढ्याच्या तळाशी शेवाळ खरवडत, गाळ चाळत वाढते. थंड प्रदेशांत तर वर्ष-दोन वर्षे. पंख फुटल्यानंतरचे जगणे मात्र काही तासांचे, फार तर दोन-चार दिवसांचे. पंख आलेल्या मेफ्लायला खाताच येत नाही. तोंडाचे अवयव खुरटलेले असतात आणि आतड्यात अन्नाच्या जागी हवा असते. जोडी जमवायची, अंडी पाण्यात टाकायची, एवढेच काम उरलेले असते. पावसाळ्याच्या दिवसांत रस्त्यावरच्या दिव्याखाली सकाळी जो ढीग झाडून काढावा लागतो, त्यात वाळवीचे पंख, भुंगेरे आणि तुडतुडे यांच्याबरोबर कधी कधी हीही सापडतात : उभे मिटलेले पारदर्शक पंख आणि शेपटीला दोन-तीन लांब केस. गावात त्यांना वेगळे नाव नाही. ती ‘दिव्यावरची पाखरं’.

या कीटकांचा गण एफेमेरॉप्टेरा. जगात त्याच्या सुमारे ३,७०० जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्या चाळीसहून अधिक कुलांत विभागल्या आहेत. पंखवाल्या कीटकांच्या आज हयात असलेल्या शाखांपैकी ही अत्यंत जुनी शाखा आहे. उडते पंख आल्यावरही पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकांचा हा एकमेव गण. पाण्यातून वर आल्यावर आधी मळकट पंखांचा उपप्रौढ निघतो आणि तो पुन्हा कात टाकून चकचकीत प्रौढ होतो. पाण्यातल्या अवस्थेला विद्यापीठात ‘निम्फ’ म्हणतात. कापसावरच्या तुडतुड्यांबद्दल बोलताना कृषी खाते ‘प्रौढ आणि पिल्ले’ असे म्हणते, तो शब्दही इथे चपखल बसतो. या पुस्तकात दोन्ही शब्द येतात. ‘जाती’ आणि ‘प्रजाती’ यांबाबत मात्र अशी सवलत नाही. वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द हल्ली सर्रास जातीसाठी वापरतात. इथे जाती ही सर्वांत खालची पायरी, तिच्यावर प्रजाती आणि प्रजातीवर कुल. जवळच्या जाती वेगळ्या करण्याच्या कामात पायऱ्यांच्या शब्दांचीच सरमिसळ झाली, तर पुढे काही बोलता येणार नाही.

ओळखण्यासाठी निम्फ का घ्यायचे, हा प्रश्न नवख्याला पडतो. कारण अगदी व्यवहारी आहे. प्रौढ नेमक्या संध्याकाळी, नेमक्या ठिकाणी भेटावा लागतो. पिल्लू ओढ्यात पाणी आहे तोवर जवळपास केव्हाही सापडते. शिवाय पाण्याबद्दल काही सांगायचे असेल, तर ते पाण्यात राहणाऱ्यानेच सांगायला हवे. दिव्यावर आलेले पाखरू कोणत्या ओढ्यातून उठले, हे सांगता येत नाही. गोट्याखालचे पिल्लू त्याच ओढ्याचे असते.

असा ओढा बघायचा तर फर्दापूरला यावे. ते अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी आहे. लेण्यांना जाणारा प्रवासी इथल्या टी-पॉइंटवर गाडी बदलतो, आणि वाघूर नदी ओलांडूनही तिच्याकडे बघत नाही. घोड्याच्या नालेसारख्या वळणाच्या ज्या दरीत लेणी कोरली आहेत, ती दरी वाघूरनेच बेसाल्ट कापून तयार केली. लेण्यांच्या वरच्या टोकाला सातकुंडाचा धबधबा आहे. पावसाळ्यात तिथून पाणी एका कुंडातून दुसऱ्यात कोसळते. दिवाळीनंतर धार बारीक होत जाते आणि उन्हाळ्यात नदी डोहांपुरती उरते. ओढ्याचे हे वर्षभराचे वागणे निम्फ शिकायला सोयीचे आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खळाळत्या पाण्यातले निम्फ बघायचे, मार्चमध्ये संथ डोहातले. दोन्हीकडचे एकाच कुलाचे असले, तरी शरीराची ठेवण वेगळी निघते. ती का वेगळी, हे कळले की निम्मी ओळख पटते.

ओढ्यातला एक गोटा हळूच उचलून पांढऱ्या ट्रेमध्ये किंवा जर्मनच्या परातीत पाण्याने धुतला, की पाच-दहा मिलिमीटरचे जीव वळवळू लागतात. त्यांतले मेफ्लायचे कोणते, ही पहिली चाळणी. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानासारखे किंवा धाग्यासारखे कल्ले, प्रत्येक पायाला एकच नखी आणि शेपटीला बहुधा तीन तंतू : या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या तर ते मेफ्लायचे पिल्लू. स्टोनफ्लायच्या पिल्लाला शेपटीचे दोनच तंतू आणि पायाला दोन नख्या असतात. कल्ले असले तर बहुधा छातीजवळ. टाचणी या चतुराच्या भावंड-कीटकाच्या पिल्लाच्या शेपटीला तीन पाती दिसतात, पण ती त्याचे कल्ले आहेत, आणि हनुवटीखाली घडी घातलेला शिकारी ओठ असतो. या चाळणीतला नेहमीचा घोटाळा म्हणजे ‘दोन शेपट्या, म्हणून स्टोनफ्लाय’. हेप्टाजेनिइडी कुलातल्या एपिओरसलाही दोनच तंतू असतात, आणि बीटिडी कुलातल्या अॅसेन्ट्रेलाचा मधला तंतू इतका आखूड असतो की तोही दोन शेपट्यांचा वाटतो. शेपट्या मोजण्याआधी नख्या मोजाव्यात. नख्या सहसा फसवत नाहीत.

कुल ओळखणे त्यानंतर फारसे अवघड नाही. खळाळात गोट्याला चिकटून असलेले, वरून दाबल्यासारखे चपटे, डोळे माथ्यावर आणि जबडे डोक्याच्या ढालीखाली लपलेले ते हेप्टाजेनिइडी. वाळू-चिखलात बीळ करून राहणारे, तोंडापुढे सुळे आणि पाठीवर पिसासारखे कल्ले असलेले ते एफेमेरिडी. दुसऱ्या पोटखंडावरच्या चौकोनी झाकणाखाली मागचे कल्ले झाकून घेणारे, चार-सहा मिलिमीटरचे मळकट जीव ते सीनिडी. गाळात राहणाऱ्याचे कल्ले मातीने बुजू नयेत म्हणून ते झाकण. लेप्टोफ्लेबिइडीचे कल्ले निरनिराळ्या तऱ्हेने दुभंगलेले असतात. कोरोटर्पिस प्रजातीत पहिला कल्ला साध्या धाग्यासारखा, तर दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतच्या कल्ल्यांच्या टोकाला तीन बोटे. हातभिंगाखाली एवढे दिसले की प्रजातीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

गोटा धुतल्यावर सर्वांत जास्त संख्येने निघतात ते बीटिडीचे सडसडीत, मासोळीसारखे पोहणारे निम्फ, आणि या विषयाची खरी भावकी इथेच आहे. बीटिडी हे मेफ्लायचे सर्वांत मोठे कुल. त्याच्या एक हजाराहून अधिक जाती ज्ञात आहेत. नुसत्या डोळ्यांना त्यातले सगळे सारखेच दिसतात. एकाच गोट्यावरच्या दोन जातींत जेवढा फरक असतो, त्याहून जास्त फरक एकाच जातीच्या लहान आणि मोठ्या पिल्लांत असू शकतो. आडनाव एक, चेहरामोहरा एक, पण घरे वेगळी.

पहिली फोड त्यातल्या त्यात सोपी. संथ पाण्यातल्या क्लोइऑनच्या पहिल्या सहा पोटखंडांवरचे कल्ले दुपाती असतात, सातव्यावरचा एकपाती. डोहात विरघळलेला प्राणवायू कमी झाला की ही पिल्ले कल्ल्यांची पाती सतत हलवून पाणी खेळते ठेवतात. शेपटीच्या तिन्ही तंतूंना दाट केसांची झालर असल्याने शेपटी वल्ह्यासारखी वापरता येते. नख्यांवर दातांच्या दोन रांगा, वरच्या जबड्याच्या पाल्पला (स्पर्शकाला) तीन खंड आणि मागच्या पंखांच्या कळ्या नाहीत. बीटिस आणि तिच्या भावकीत कल्ले एकपाती, नखीवर दातांची एकच रांग, पाल्पला दोन खंड आणि मधला शेपटी-तंतू बाजूच्यांहून आखूड. वाहत्या पाण्यात नख्यांनी धरून बसायचे असल्यामुळे शेपटीचे वल्हे तिथे फारसे उपयोगाचे नाही.

इथून पुढे हातभिंग पुरत नाही. एकेकाळी जे सारे ‘बीटिस’ म्हणून एका पोत्यात भरले जायचे, त्याच्या गेल्या काही दशकांत बऱ्याच प्रजाती झाल्या : लेबिओबीटिस, नायग्रोबीटिस, टेन्युइबीटिस आणि इतर. त्या वेगळ्या करायच्या तर तोंड उघडून बघावे लागते. मद्यार्कात ठेवलेले पिल्लू काचपट्टीवर घेऊन दोन बारीक टाचण्यांनी आधी वरचा ओठ, मग जबडे, शेवटी खालचा ओठ असा एकेक भाग सुटा करायचा आणि माध्यमाच्या थेंबात सरळ बसवायचा. सवय नसलेल्याचा पहिला नमुना बहुधा वाया जातो. डावा जबडा उजव्याच्या जागी गेला की वर्णन जुळतच नाही. लेबिओबीटिसमध्ये खालच्या ओठाच्या पाल्पच्या दुसऱ्या खंडाला अंगठ्यासारखा फुगवटा असतो, आणि वरच्या जबड्याच्या पाल्पच्या टोकाशी अनेक जातींत एक खाच दिसते. मिशीच्या पहिल्या पेराला काही जातींत बाहेरच्या बाजूस टोक असते, काहींत नसते. मांडीच्या बुडाशी आतल्या अंगाला तोकड्या राठ केसांचा एक ठिपका असतो किंवा नसतो. त्याला व्हिलोपोर म्हणतात. १९८७ मध्ये वॉल्ट्झ आणि मॅककॅफर्टी यांनी या ठिपक्याकडे लक्ष वेधले आणि त्यावरून बीटिसच्या गटाची फेरमांडणी सुरू झाली. एका ठिपक्यावरून एवढी उलथापालथ होते, याचे नवख्याला हसू येते. पण तो ठिपका एकटा येत नाही; त्याच्याबरोबर इतर खुणाही बदलत जातात, म्हणून त्याला वजन आहे.

जातीच्या पातळीवर तर एकाही खुणेवर विसंबता येत नाही. वरच्या ओठावरच्या लांब केसांची संख्या आणि मांडणी, पाठीच्या पट्ट्यांच्या मागच्या काठावरचे दाते, मांडीच्या वरच्या कडेचे काटे, नखीवरचे दात, कल्ल्यांच्या कडेची करवत : या साऱ्यांची जुळणी लागते. तीन जातींच्या नखीवर दात तेवढेच असतील, पण दातांची तीच संख्या, काट्यांचा तोच आकार आणि ओठावरची तीच ओळ असलेली जात एकच उरते. पंचांगातल्यासारखे आहे, नुसती तिथी सांगून दिवस ठरत नाही, महिना आणि पक्षही लागतो.

या विषयाचा इतिहास मात्र पंखवाल्यांपासून सुरू झाला. ऍरिस्टॉटलने हिपॅनिस नदीवर एक दिवस जगणाऱ्या चार पंखांच्या जीवाची नोंद केली आणि त्याला एफेमेरॉन म्हटले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ एका दिवसाचा. डच शरीररचनाशास्त्रज्ञ यान स्वामर्डाम याने १६७५ साली मेफ्लायवर पुस्तक काढले. पिल्लाची चिरफाड करून त्याने आतली रचना दाखवली आणि अधूनमधून ईश्वरस्तुतीही घातली. लिनीअसने १७५८ मध्ये एफेमेरा ही प्रजाती मांडली. पण एकोणिसाव्या शतकात जाती ठरवल्या जात त्या प्रौढ नराच्या जननेंद्रियांवरून आणि पंखांच्या शिरांवरून. जिनिव्हाच्या पिक्ते याने १८४३-४५ च्या ग्रंथात पिल्लांकडे लक्ष दिले खरे, पण त्यांना पायाभूत स्थान मिळाले ते ए. ई. ईटन या इंग्रज पाद्र्यामुळे. त्याचा मोठा ग्रंथ लंडनच्या लिनियन सोसायटीने १८८३ ते १८८८ या काळात प्रसिद्ध केला. त्यातली निम्फांची चित्रे आजही उघडून बघितली जातात.

पिल्लू आणि प्रौढ यांची जोडी न लागल्याने या शास्त्रात एक चमत्कारिक प्रकरण घडले. प्रोसोपिस्टोमा नावाचे एक निम्फ आहे; पाठीवर कासवासारखी ढाल, कल्ले ढालीखाली दडलेले. त्याला लातरेय याने १८३३ मध्ये नाव दिले, ते कवचधारी प्राणी म्हणून, खेकडे-झिंग्यांच्या बाजूचा. ते मेफ्लायचे पिल्लू आहे हे सिद्ध व्हायला १८७० चे दशक उजाडावे लागले. प्रोसोपिस्टोमाची भारतातली जात पीटर्स यांनी १९६७ मध्ये वर्णिली. अशी गफलत अगदी दुर्मीळ नाही. एकच जात आधी प्रौढावरून एका नावाने आणि नंतर पिल्लावरून दुसऱ्या नावाने नोंदली गेल्याची उदाहरणे या गणात आहेत, आणि दोन नावे एक करण्यात पुढच्यांचा वेळ जातो.

इंग्लंडमध्ये या शास्त्राला एक बाजूची वाट मिळाली ती गळ टाकणाऱ्यांकडून. ट्राउट मासा पाण्यातली पिल्ले खातो हे बघून स्क्यूजसारख्यांनी पिसे-दोरा बांधून निम्फच्या नकला केल्या आणि त्यामुळे हौशी लोकांनाही पिल्ले ओळखण्याची गरज वाटू लागली. महाराष्ट्रात असा शौक रुजला नाही. आपल्याकडे गळाला गांडूळ लागते. त्यामुळे मेफ्लायला कोळी-भोयांच्या बोलीतही स्वतंत्र नाव पडले नसावे, असे मानायला जागा आहे.

विसाव्या शतकापासून पुढे तीन वाटा स्पष्ट झाल्या. जर्मनीच्या इन्ग्रिड म्युलर-लीबेनाऊ यांनी १९६९ मध्ये युरोपातल्या बीटिस जातींची पुनर्मांडणी केली ती मुख्यतः पिल्लांच्या सूक्ष्म खुणांवरून. तोंडाचे भाग, पाठीच्या पट्ट्यांचा पोत, काटे आणि खवले यांची रेखाटने त्यांनी ज्या पद्धतीने केली, तीच आज बीटिडीवरच्या जवळपास प्रत्येक शोधनिबंधाची पद्धत आहे. दुसरी वाट वंशावळीची. अमेरिकेत जॉर्ज एडमंड्स यांनी १९६२ मध्ये पिल्लू आणि प्रौढ या दोन्हींवरून वरच्या पायऱ्या ठरवण्याची तत्त्वे मांडली. मॅककॅफर्टी आणि एडमंड्स यांचे १९७९ चे वर्गीकरण त्यातूनच आले. रशियाचे निकिता क्लुगे यांनी २००४ च्या ग्रंथात आपली स्वतंत्र मांडणी केली. या दोन घराण्यांत अजूनही पटत नाही, आणि एकाच प्रजातीला दोघांच्या पुस्तकांत निराळी जागा मिळू शकते. नवख्याने त्याने गांगरू नये. ओढ्यातली ओळख करताना वरच्या पायऱ्यांवरचे हे भांडण फारसे आड येत नाही.

तिसरी वाट डीएनएची. २००३ मध्ये कॅनडातल्या हेबर्ट यांनी सीओआय जनुकाच्या एका तुकड्यावरून प्राण्यांच्या जाती ओळखण्याची कल्पना मांडली. प्राण्यांत तो तुकडा साधारण ६५८ अक्षरांचा असतो. मेफ्लायवाल्यांना त्याचा पहिला धक्का बसला तो बीटिस ऱ्होडानीच्या बाबतीत. युरोपभर सापडणारी, सर्वांना माहीत असलेली ही जात. २००६ मध्ये विल्यम्स आणि सहकाऱ्यांना पश्चिम युरोपातल्या नमुन्यांत तिच्या आत सात वेगळे गट सापडले. म्हणजे जी एक जात म्हणून शिकवली जात होती, ती निदान अंशतः भावकी होती. उलट न्यू गिनीतल्या लेबिओबीटिसवर काल्टेनबाख आणि गातोलिया यांनी डीएनए व पिल्लांच्या सूक्ष्म खुणा यांची सांगड घातली आणि डझनावारी नव्या जाती वर्णिल्या. तिथे डीएनएने आधी गट पाडून दिले, मग त्या गटांच्या बाह्य खुणा शोधल्या, आणि त्या बहुतेक वेळा सापडल्याही. या घडीला अधिक फलदायी ठरते आहे ती हीच जोडपद्धत. निव्वळ डीएनएवर विसंबणारा माणूस ओढ्याकाठी रिकाम्या हातांनी उभा राहतो.

भारतातली परंपरा बरीच तुटक आहे. १८८८ पासून निघालेल्या ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत चतुर आणि टाचण्यांवर फ्रेझरचे तीन खंड १९३३ ते १९३६ मध्ये आले. मेफ्लायवर त्या मालेत खंडच नाही. याचा परिणाम आजही दिसतो. चतुर ओळखणारे हौशी अभ्यासक महाराष्ट्रात गावोगाव आहेत, मेफ्लाय ओळखणारा क्वचित. तरी कामे झाली. सुंदरलाल होरा यांनी १९३० च्या निबंधात खळाळत्या पाण्यातले जीव दगडाला कसे चिकटतात याचा अभ्यास मांडला, आणि मेफ्लायच्या पिल्लांची ठेवण समजून घ्यायला तो अजूनही उत्तम दुवा आहे. १९३९ मध्ये जे ट्रॅव्हर यांनी हिमालयातल्या मेफ्लायवर लिहिले; १९४९ आणि १९५१ मध्ये गिलीज यांनी भारत व आग्नेय आशियातल्या जातींवर टिपणे दिली. १९७० मध्ये पीटर्स आणि एडमंड्स यांनी पूर्व गोलार्धातल्या लेप्टोफ्लेबिइडीची पुनर्मांडणी केली. १९८५ मध्ये म्युलर-लीबेनाऊ आणि हबर्ड यांनी श्रीलंकेतल्या बीटिडीवर काम केले. त्यातल्या टेन्युइबीटिस फ्रीक्वेन्टससारख्या जाती पुढे दक्षिण भारतातही मिळाल्या. मदुराईचे के. जी. शिवरामकृष्णन यांनी पश्चिम घाटातल्या मेफ्लायचा अभ्यास अनेक दशके चालवला आणि विद्यार्थ्यांची फळी उभी केली. सह्याद्रीच्या दक्षिण भागाबद्दल आज जे माहीत आहे, त्यातले बरेचसे त्या फळीचे श्रेय. २००७ मध्ये सुब्रमण्यन आणि शिवरामकृष्णन यांनी ‘ॲट्री’ या बंगळुरूच्या संस्थेसाठी भारतातल्या जलकीटकांची क्षेत्रपुस्तिका तयार केली, तर २००९ मध्ये भारतीय उपप्रदेशातल्या मेफ्लायची टिपणांसह यादी प्रसिद्ध झाली. अलीकडे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या संशोधकांकडूनही नव्या जातींची वर्णने येत आहेत. मात्र या साऱ्या कामाचा भर दक्षिण घाटावर आणि हिमालयावर आहे. अजिंठा-सातमाळाच्या कोरड्या डोंगररांगेकडे त्या मानाने दुर्लक्षच झाले.

हे दुर्लक्ष भूगोलाच्या दृष्टीने महाग पडणारे आहे. अजिंठ्याची रांग तापी आणि गोदावरी या दोन खोऱ्यांमधला जलविभाजक आहे. फर्दापूरकडे उतरणारे वाघूरचे पाणी तापीला मिळून अरबी समुद्रात जाते. रांगेच्या दक्षिण उतारावरचे पाणी पूर्णेतून गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते. (ही पूर्णा गोदावरीची; तापीला मिळणारी पूर्णा वेगळी.) काही किलोमीटरांच्या अंतरावरच्या दोन ओढ्यांतले पाणी दोन समुद्रांत जाते, पण पंख असलेल्या जातीला मधली टेकडी ओलांडायला एक संध्याकाळ पुरते. पोहणाऱ्या माशांना ते जमत नाही. म्हणूनच माशांचे आणि मेफ्लायचे नकाशे एकमेकांशी कितपत जुळतात, हा प्रश्न इथे अर्थपूर्ण ठरतो. आणि जातीपर्यंत ओळख लागल्याशिवाय तो विचारताच येत नाही. ‘दोन्हीकडे बीटिडी सापडले’ हे उत्तर नव्हे.

पाण्याच्या तपासणीतही हीच अडचण येते. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या बीएमडब्ल्यूपी या गुणपद्धतीत प्रत्येक कुलाला १ ते १० गुण असतात. हेप्टाजेनिइडी, लेप्टोफ्लेबिइडी, एफेमेरिडी यांना १०, सीनिडीला ७, बीटिडीला ४. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिचे भारतीय रूप करून जैविक तपासणीत वापरले. कुलापर्यंतची ओळख स्वस्त आणि झटपट, म्हणून पद्धत चांगली. पण बीटिडीचे चार गुण डोहातल्या क्लोइऑनलाही मिळतात आणि खळाळातल्या बीटिसलाही, जरी पाण्याबद्दल त्या दोघी अगदी वेगळ्या गोष्टी सांगत असल्या तरी.

शेतीच्या औषधांचा प्रश्न यात भर घालतो. सोयगाव-सिल्लोड पट्ट्यात कापूस पिकतो, आणि कापसाच्या बियाण्याला इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक लावण्याची पद्धत सर्वदूर आहे. फवारणीतही ते येते. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या रोसिंक आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत तपासलेल्या जलचरांत इमिडाक्लोप्रिडला सर्वांत हळव्या निघाल्या त्या मेफ्लायच्याच दोन जाती, क्लोइऑन डिप्टेरम आणि सीनिस होरॅरिया. गुणपद्धतीत ज्यांना चार आणि सात मिळतात, त्याच दोन कुलांतल्या. कुजलेल्या सांडपाण्याच्या कसोटीवर जी कुले ‘सोशिक’ ठरली, ती कीटकनाशकाच्या कसोटीवर आधी मरतात. शिवारातून वाहणाऱ्या ओढ्याची तपासणी करणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवे. त्यासाठी क्लोइऑनमधल्या आणि सीनिसमधल्या जाती वेगळ्या करता आल्या पाहिजेत. कोणती गेली आणि कोणती टिकली, हे सांगता आले पाहिजे.

प्रत्यक्ष काम करताना होणाऱ्या चुका बहुधा ठरलेल्या असतात. पहिली वयाची. मेफ्लायचे पिल्लू दहा ते पन्नास वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी थोडे बदलते. नखीवरचे दात, कल्ल्यांचा आकार, शेपटीवरच्या केसांची दाटी या साऱ्या खुणा वयाबरोबर सरकतात. म्हणून वर्णने आणि तक्ते शेवटच्या टप्प्यातल्या, पंखांच्या कळ्या काळ्या पडलेल्या पिल्लांसाठी असतात. लहान पिल्लावर तक्ता चालवला तर तो काहीतरी उत्तर देतोच, आणि ते उत्तर बहुतेक वेळा चुकते. दुसरी चूक लिंगाची. बीटिडीच्या वाढलेल्या नर पिल्लाच्या डोक्यावर पगडीसारख्या डोळ्यांचे तांबूस ठिपके आधीच दिसू लागतात. त्याला वेगळी जात समजणारे कमी नाहीत. तिसरी हंगामाची, कारण उन्हाळी पिढी आकाराने लहान निघू शकते. चौथी जपणुकीची. कल्ले आणि शेपटीचे तंतू हात लागताच गळतात, मद्यार्कात रंग उडतो. ज्या वर्णनात पाठीवरच्या डागांवर भर आहे, ते जुन्या बाटलीतल्या नमुन्याला लावता येत नाही. शेवटी मोबाइलचा फोटो. फोटोवरून कुल पुष्कळदा ओळखता येते, प्रजाती कधीमधी. जबड्यांचा फोटो कोणी पाठवत नाही.

खात्रीचा मार्ग वाढवण्याचा. काळ्या कळ्यांचे पिल्लू जाळीच्या डबीत, त्याच ओढ्याच्या पाण्यात ठेवायचे, अर्धी डबी पाण्याबाहेर. पिल्लू वर येऊन कात टाकते, उपप्रौढ जाळीला बसून पुन्हा कात टाकतो. मग दोन्ही काती आणि प्रौढ एकाच बाटलीत, एकाच लेबलखाली. एवढ्या साध्या कृतीमुळे पिल्लाची ओळख प्रौढाच्या ओळखीला बांधली जाते, आणि एकाच जातीची दोन नावे पडण्याचा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो. क्लोइऑनच्या बाबतीत थोडा धीर धरावा लागतो. क्लोइऑन डिप्टेरमची मादी जुळणीनंतर अंडी दहा-बारा दिवस पोटात ठेवते आणि पाण्यात टाकताच ती फुटतात. म्हणून मादी लगेच मद्यार्कात न घालता जगवून ठेवली, तर पुढची पिढीही हाती लागते.

या पुस्तकाने स्वतःला घातलेली मर्यादा यातूनच आली आहे. हे पुस्तक अजिंठ्याच्या डोंगरातल्या जातींची यादी म्हणून लिहिलेले नाही. यादी कालांतराने बदलते. खुणा वाचण्याची पद्धत टिकते. दख्खनच्या हंगामी ओढ्यांत अपेक्षित असलेली कुले आणि प्रजाती कशा ओळखाव्यात, प्रत्येक प्रजातीत जवळच्या जाती वेगळ्या करताना कोणत्या खुणांवर भिस्त ठेवावी आणि कोणत्या खुणा फसव्या, हे चित्रांसह सांगण्याचा यात प्रयत्न आहे. तक्ते जाणूनबुजून प्रजातीपाशी थांबवले आहेत. त्याच्या खाली तक्त्यांऐवजी खुणांचे तुलनापट आहेत, कारण अजून न नोंदलेली जात तक्त्यात बसवण्याचा मोह होतो आणि तुलनापटात ती वेगळी उठून दिसते. लेप्टोफ्लेबिइडीवर इथे जागा कमी आहे. त्या कुलावर दक्षिण घाटातले साहित्य बरे उपलब्ध आहे. बीटिडीला मात्र निम्म्याहून अधिक पाने गेली आहेत. मराठी शब्द शक्य तिथे प्रचारातले घेतले आहेत : कल्ले, नखी, कात, पिल्लू. जिथे प्रचारात शब्द नव्हता तिथे नवा घडवण्याऐवजी मूळ शब्दच देवनागरीत ठेवला आहे, कारण विद्यार्थ्याला शेवटी मूळ शोधनिबंध वाचायचे आहेत आणि तिथे ‘व्हिलोपोर’ हाच शब्द भेटणार आहे.

नमुन्यांच्या लेबलबाबतचा आग्रह पुस्तकभर पुन्हा पुन्हा येतो : ओढ्याचे नाव, गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, पाण्याचा प्रकार (खळाळ, डोह की संथ काठ), मद्यार्काची तीव्रता. शरीररचनेसाठी ७० ते ८० टक्के मद्यार्क चालतो; डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्के, आणि चोवीस तासांत एकदा बदललेला. लेबल पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकायचे, बाहेर चिकटवायचे नाही. बाहेरचे लेबल एका पावसाळ्यात निघते.